नसेल तर आपणच जायचं

२००५ चा मे महिना. सोलापूरचं ऊन, आणि प्रोजेक्ट जमा करायला उरलेले चार दिवस. कॉलेजच्या जुन्या आणि नव्या लॅबमध्ये मी एकेक स्क्विड प्रॉक्सी (मुलांसाठी इंटरनेटवरून पानं आणून त्यांची प्रत जवळ ठेवणारा सर्व्हर) बसवली होती. इंटरनेटची भाड्याची लाइन एकच. एका लॅबने उतरवलेली पीडीएफ दुसऱ्या लॅबने पुन्हा इंटरनेटवरून कशाला आणायची, म्हणून आदल्या संध्याकाळी दोन्ही जोडल्या.

सकाळी अकराला दोन्ही लॅब ठप्प. लॉगमध्ये फाइल डिस्क्रिप्टर संपत आल्याचा इशारा (प्रत्येक उघड्या फाइलला आणि कनेक्शनला एक लागतो; मर्यादा १०२४ ची), आणि त्याच्यावर ओळीने ‘फॉरवर्डिंग लूप डिटेक्टेड’, म्हणजे मागणी फिरून परत आली.

मी केबल तपासली, स्विच बदलला. तासभर वाया गेला. मुलं दारात उभी होती, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

लॅबमधले मामा पूर्व भागातले, घरी यंत्रमाग. काय जोडलंय ते मी त्यांना सांगत होतो: एक प्रॉक्सी दुसरीला ३१३० पोर्टवर यूडीपीचं छोटं पॅकेट पाठवते, त्यात फक्त पानाचा पत्ता असतो, ‘हे आहे का तुझ्याकडे?’ उत्तर हिट (आहे) किंवा मिस (नाही). मामा म्हणाले, “आमच्याकडं बी शेजारच्या कारखान्यात सुताचा कोन मागतो की, सर. असला तर देतो. नसला तर आपणच दुकानात जायचं. त्याला कशाला पाठवायचं?”

मी तसाच उठलो आणि कॉन्फिगरेशन उघडलं. दोन्हीकडे मी समोरच्या प्रॉक्सीला ‘पेरेंट’ लिहिलं होतं. पेरेंट म्हणजे आपल्याजवळ नसलेलंही बाहेरून आणून देणारा. जुनी नवीला पाठवायची, नवी परत जुनीला. मागणी कुठून कुठून आली ते सांगणाऱ्या ‘व्हाया’ हेडरमध्ये स्वतःचंच नाव दिसलं की जुनी थेट बाहेर जायची, पण तोवर एकेका पानापायी तिच्यावर दोनऐवजी चार कनेक्शनं अडकलेली. थोड्या मशीनवर हे कळलंच नसतं. त्या दिवशी सगळी चालू होती.

दोन्हीकडे ‘सिब्लिंग’ केलं, म्हणजे जवळ असेल तेवढंच देणारा शेजारी. समोरच्याने नसलेली वस्तू आपल्याकडून मागवू नये म्हणून ‘मिस ॲक्सेस’ही बंद केला. मग नव्या लॅबमधल्या एका मुलीला, जुन्या लॅबने नुकतीच उतरवलेली पीडीएफ उघडायला सांगितली. लॉगवर ओळ आली: सिब्लिंग हिट. मामांना हाक मारून ती दाखवली.