आधी माप, मग उपदेश

नेवासा तालुक्यातल्या ज्या ख्रिस्ती मंडळीचा मी पाळक आहे, तिथल्या एक आजी ऑगस्टच्या पावसात पहाटे घरीच वारल्या. वय ८२. थोरल्या मुलाचा फोन आला तेव्हा पाचही वाजले नव्हते. धीराचे दोन शब्द बोलून मी लगेच विचारलं, "शेवटी कोणत्या डॉक्टरांनी तपासलं होतं? आणि कुठं पडल्या-बिडल्या तर नव्हत्या ना?"

नव्या पाळकांना हा प्रश्न कोरडा वाटतो. पण सगळा दिवस त्याच्या उत्तरावर ठरतो. पडून, साप चावून, विषबाधेनं मरण आलं असेल, किंवा कशानं आलं हेच कळत नसेल, तर आधी पोलीस, पंचनामा आणि शवविच्छेदन. तोवर उपासनेची वेळ कुणाला सांगायची नाही. आजींना जुना दमा होता आणि आठवड्यापूर्वीच तालुक्याच्या डॉक्टरांनी पाहिलं होतं. घरी मरण आलं की अखेरच्या आजारात ज्यांनी उपचार केले तेच डॉक्टर कारणाचा दाखला देतात, नमुना ४अ. त्यांना सकाळीच गाठायचं, दुपारी ते दवाखान्यात भेटतील याचा भरवसा नसतो.

दुसरं काम फोनवरच सुनांना सांगितलं. डोळे मिटवा, हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी बांधा, हातपाय सरळ करा, पायांचे अंगठे एकत्र बांधा. दोन-तीन तासांत अंग ताठायला लागतं. मग आंघोळ घालणं, कपडे चढवणं, पेटीत नीट ठेवणं, सगळंच अवघड होऊन बसतं. रडारडीत नेमकं हेच राहून जातं. बर्फाच्या लाद्या खाटेखाली ठेवायला सांगितल्या, अंगाला लावून नाही. बर्फ अंगाला लागला की कपडे भिजतात, त्यांचं पाणी पेटीच्या तळात उतरतं आणि ओला तळ ऐन वेळी दगा देतो.

वेळ दुपारी तीनची धरली. धाकटा मुलगा पिंपरी-चिंचवडला, मुलगी श्रीरामपूरला, माहेरचे भाचे गंगापूर तालुक्यात. दोन वाजेपर्यंत सगळे पोचतील असा हिशेब होता. कुणी म्हणालं, पाच करा, मुंबईचे पाहुणे आहेत. मी नाही म्हटलं. माती लोटून ढिगारा नीट करायला तासभर लागतो, ढगाळ दिवसात सहालाच अंधारतं, आणि पावसात उघडी कबर जितका वेळ राहील तितक्या तिच्या कडा सुटत जातात.

मग सुताराकडे गेलो. पेटीचं माप अंदाजानं सांगणारे खूप असतात. माप अंगावरून घ्यायचं: डोक्यापासून टाचेपर्यंतच्या लांबीत चार इंच वाढवायचे, आणि खांद्यांची रुंदी वेगळी मोजायची. आजी पाच फुटांच्या, म्हणून पेटी पाच फूट चार इंच, खांद्याजवळ वीस इंच, कड्या धरून तेवीस. सुताराकडं सनमायका लावलेलं प्लाय होतं, दिसायला झकास. मी साध्या आंब्याच्या फळ्या घ्यायला लावल्या. सनमायका लवकर कुजत नाही, आणि खेड्यातल्या लहान कबरस्तानात घराण्याची जुनी कबर काही वर्षांनी पुन्हा उघडावी लागते. तळाला बाहेरून तीन आडव्या पट्ट्या ठोकायच्या. पट्ट्या नसल्या तर सगळा भार खालून मारलेल्या खिळ्यांवर येतो, आणि दोरावर पेटी लोंबकळते तेव्हा तळ खाली बसतो. असं ज्या घरात झालं, ते घर मयताबद्दल दुसरं काहीच आठवत नाही. रंगाला वेळ नव्हता. आतबाहेर पांढरं कापड ताणून लावलं आणि झाकणावर काळ्या फितीचा क्रूस.

सुतार खिळे ठोकत असतानाच दोन काठ्या कापून घेतल्या, एक पेटीच्या लांबीची आणि एक कड्यांसकट रुंदीची. दोन्हीत चार बोटं जास्त. त्या घेऊन कबरस्तानात गेलो.

तरुण मुलं सकाळपासून खणत होती. जेसीबी बोलवू का, हे त्यांनी आधीच विचारून झालं होतं. आमच्या कबरस्तानात निम्म्या कबरांवर दगड नाही. चाक कुठं फिरलं आणि कुणाच्या आजोबांवर फिरलं, हे मागाहून कळतं. शिवाय बकेटनं कडा सरळ उतरत नाहीत. म्हणून टिकाव, फावडं, पहार आणि घमेली. वरची तीन-साडेतीन फूट काळी माती, खाली मुरूम. काळी माती भिजली की कडेनं पापुद्र्यासारखी सुटते. त्यावर उपाय साधे असतात, पण ते आधी करावे लागतात. निघालेली माती कडेपासून दोन फूट लांब टाकायची, नाही तर तिच्याच वजनानं कड ढासळते. चढाच्या बाजूला वीतभर खोल चर काढून पावसाचं पाणी वळवायचं. वर बांबूवर ताडपत्री टाकायची. दोन्ही लांब बाजूंना जाड फळ्या घालायच्या, म्हणजे पेटी उतरवणाऱ्यांचा भार एका जागी येत नाही.

खोली साडेपाच फूट ठरवली. पेटीच्या झाकणावर निदान तीन फूट माती हवी, नाही तर कुत्री उकरतात. वरून कबर पुरेशी रुंद दिसत होती. पण टिकाव मारायला जागा कमी पडत जाते, तशी कबर नकळत खाली निमुळती होते. रुंदीची काठी दोरीला आडवी बांधून खाली सोडली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. पायांच्या बाजूला, तीन फूट खोलीवर अडकली. तिथं बाभळीचं मनगटाएवढं मूळ आत आलेलं होतं, चिखलात माखल्यामुळं वरून दिसत नव्हतं. कोयत्यानं ते तोडून कड तासली. तीच काठी पुन्हा फिरवली आणि ती तळापर्यंत मोकळी गेली. हे आधी पाहिलं नाही तर पेटी मधेच तिरकी अडकते, ती परत वर ओढावी लागते आणि लेकी किंचाळतात. तळाला साचलेलं पाणी बादलीनं उपसून मुरमाचा थर टाकला.

दीड वाजता घरी आलो तर खरं काम पुढं उभं होतं. धाकटा मुलगा पिंपरीहून आला होता आणि सोबत त्याच्या नव्या मंडळीचे ब्रदर, म्हणजे उपदेशक, होते. त्याचं म्हणणं, क्रूस नको, फुलं नकोत, घंटा नको, संदेश आमचे ब्रदर देतील. मुलगी दिलेली कॅथलिक घरात, तिला मेणबत्त्या आणि रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, हवी. माहेरचे भाचे हिंदू. ते आत्यासाठी माहेरचं लुगडं घेऊन आले होते, सोबत तुळशीचं पान आणि तांब्यात पाणी.

आमच्या तालुक्यातल्या वडाळ्याच्या या पट्ट्यात अशी घरं नवी नाहीत. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. गावागावातून काही घरं ख्रिस्ती झाली, त्यांचे भाऊबंद नाही झाले, शेजारी कॅथलिक मिशन आलं. १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) झाली, तरी सोयरिकी होत्या तशाच राहिल्या. लग्नात हे सगळं मांडवाखाली सामावतं. मयतात सामावत नाही, कारण मयताला तयारीचे चार महिने नसतात.

माझा नियम ठरलेला आहे. माणूस ज्या मंडळीचा सभासद, कबरीजवळचा विधी त्या मंडळीचा, आणि तो एकच. बाकी सगळ्यांना वेळ द्यायचा, पण घरी आणि घड्याळ लावून. हे सगळ्यांसमोर अंगणात सांगायचं नाही. भावंडांना गोठ्याशेजारच्या खोलीत बसवलं आणि ब्रदरांना मुद्दाम आत बोलावलं, बाहेर ठेवलेला माणूस जास्त बोलतो. मुलीला सांगितलं, दोन ते अडीच तुमची रोझरी, मेणबत्त्या पेटीपासून लांब पाटावर, कापडाला झळ लागायला नको. ब्रदरांना म्हटलं, अडीचला घरची प्रार्थना तुम्ही करा, दहा मिनिटं. ते म्हणाले, "पाळकसाहेब, संदेशाशिवाय कसं?" मी म्हटलं, "चर्चच्या मंदिरात मी सात मिनिटं बोलणार आहे. कबरीवर मीही बोलणार नाही. पाऊस पाहा."

घंटा मंडळीची आहे, ती वाजणार. फुलं पेटीच्या वर राहतील, ज्याला वाहायची त्यानं वाहावीत. धाकटा लुगड्यावर अडला. "मातीत नवं लुगडं कशाला? हे सगळं जुनं आहे." मी त्याला योहानाचा एकोणिसावा अध्याय आठवून दिला. प्रभूचं शरीर मागून घेणारा अरिमथाईचा योसेफ उघडपणे शिष्यांत नव्हता, तरी तागाच्या वस्त्रात ते त्यानं आणि निकदेमानंच गुंडाळलं. "तुझ्या आईला माहेरानं दिलेलं हे शेवटचं लुगडं आहे. यात पूजा कुठं आली?" ब्रदरांनी मान डोलावली, म्हणून तोही गप्प झाला. लुगडं आत, अंगावरून पांघरलं.

तुळशीपाण्याचं मात्र अवघड होतं. आमच्या विधीत ते नाही आणि भाच्यांना तसं तोंडावर सांगणं मला जड जात होतं. थोरल्या सुनेनंच सोडवलं. ती मोठ्या भाच्याला म्हणाली, "भाऊ, पहाटं मीच पाजलं त्यांना पाणी. दोन घोट गेलं पोटात. तहानलेल्या गेल्या नाहीत तुमच्या आत्या." त्यानं तांब्या ओसरीवर ठेवला. पाळकानं दिलेल्या उत्तरापेक्षा अशा वेळी घरातल्या बाईचं उत्तर हजारपट चालतं. पुढच्या माणसाला वाईट न वाटता ते पोचतं.

याच खोलीत जाता जाता आजींच्या नावावरच्या दीड एकराचा विषय निघाला. अर्धे वाद मुळात तिथंच जन्माला येतात, घंटा-फुलं हे नुसतं निमित्त. थोरल्याचं म्हणणं, बहिणीला लग्नात दिलं तेवढं दिलं. मी एवढंच सांगितलं की आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. नवरा मागे नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगे-मुली सारखे वाटेकरी. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे जायला तीन महिने आहेत. आज पेटी उचलायची आहे.

मंदिरातली उपासना पंचवीस मिनिटांत आटोपली. तेविसावं स्तोत्र, थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय, छोटा संदेश, प्रार्थना. गीतं मी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांतली घेतो. चाल वारकऱ्यांच्या कानाची असते, त्यामुळं भाचेही टाळ्या धरतात आणि कॅथलिक पाहुण्यांनाही पुस्तक लागत नाही. नुसती इंग्रजी चालीची गीतं घेतली तर निम्मे लोक हात बांधून उभे राहतात.

आमच्यात बाया कबरस्तानात येतात. भाच्यांच्या बायका फाटकाशी थांबल्या होत्या, थोरल्या सुनेनं हात धरून त्यांना आत आणलं.

कबरीवर दोन आडव्या बल्ल्या टाकून पेटी त्यांवर टेकवली. दोर सुती, जुने, मोटेच्या नाड्यासारखे जाड. नायलॉनचा दोर ओल्या हातातून सुटतो आणि तळव्याची साल काढतो. तीन दोर, प्रत्येक टोकाला एक माणूस, सहाही जण साधारण एका उंचीचे. मुलगे हट्टानं दोर धरतात. त्यांना मधल्या दोरावर घ्यायचं, कारण डोकं आणि पाय यांच्याकडचे दोरच पेटीची पातळी राखतात आणि रडणाऱ्या माणसाची मूठ सैल पडते. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. बल्ल्या काढल्या आणि एकानंच मोठ्यानं "सोडा... थांबा... सोडा" म्हणायचं ठरलं. पेटी तळाला टेकली, दोर एकाच बाजूनं ओढून काढले. मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ म्हणत मूठमाती दिली. आधी मुलगी, मग मुलगे, सुना, नातवंडं, मग भाचे. ब्रदरांनीही दिली. प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. पावसाची सर आली तोवर फावडी सुरू झाली होती.

माती टाकताना पहिली फूटभर हातानं, ढेकळं फोडून. मोठं ढेकूळ झाकणावर आदळलं की जो आवाज होतो तो घरच्यांनी ऐकू नये. ढिगारा दीड फूट उंच ठेवला, एक-दोन पावसांत तो निम्मा बसतो.

संध्याकाळी धाकटा माझ्याकडं आला आणि म्हणाला, ग्रॅनाइट मी बसवतो, पुढच्याच आठवड्यात. त्याला सांगितलं की पुढचा पावसाळा जाऊ दे. काळी माती वर्षभर खाली बसत राहते, आज बसवलेला दगड सहा महिन्यांत कलतो आणि मधोमध तडकतो. तोवर लाकडी फळी, ऑइलपेंटनं नाव आणि दोन तारखा.

त्या तारखेवरून नवीनच निघालं. आधार कार्डावर आजींचा जन्म एक जानेवारीचा, जसा गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा असतो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत महिना वेगळा आणि वय तीन वर्षांनी जास्त. धाकट्याला खरी तारीख हवी होती. फळीवर नोंदवहीतली घातली. ग्रामपंचायतीच्या नमुन्यात आणि आमच्या दफन नोंदवहीच्या वयाच्या रकान्यात मात्र आधारवरचीच लिहिली, आणि शेऱ्यात बाप्तिस्मा नोंदीचा क्रमांक टाकला. वारस नोंदीच्या वेळी दोन दाखल्यांत वय जुळलं नाही तर तलाठी प्रकरण परत पाठवतो, आणि मग हीच तीन भावंडं पुन्हा एका खोलीत बसवावी लागतात.