एवढे क्लब का, आणि न खेळता पगार कशाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. एरवी हा विषय निघाला की मी तो टाळतो.

प्रश्न दोनच असतात. पहिला उघड: गोलकीपर म्हणून एवढे क्लब झाले, एका ठिकाणी टिकता नाही आलं का? दुसरा जरा आवाज खाली आणून: वर्षभर बेंचवर बसायचं, तर क्लब पगार कशाचा देतो? दोन्हींच्या मागचा संशय एकच, की गडी कच्चा असणार. माझ्या क्लबांची यादी इथे देणार नाही. फिरत्या कीपरांच्या याद्या एकीवरून दुसरी उतरवल्यासारख्या असतात. जॉन बरिज हा इंग्लिश कीपर 29 क्लब फिरला आणि 1995 मध्ये मँचेस्टर सिटीच्या गोलात उभा राहिला तेव्हा 43 वर्षांचा होता. लुट्स फानेनश्टील हा जर्मन तर फिफाच्या सहाही खंडीय महासंघांच्या हद्दीत व्यावसायिक फुटबॉल खेळला. कच्च्या माणसाला इतक्यांदा कुणी बोलावत नाही.

आधी हिशेब बघा. बाकीच्या खेळाडूंसाठी मैदानात दहा जागा आणि वर पाच बदली. मिडफिल्डरला शेवटची वीस मिनिटं मिळतात, नाहीतर एखाद्या शनिवारी डाव्या बगलेवर ढकलून पाहतात. कीपरची जागा एक. ती कोच उगाच हलवत नाही, कारण मागच्या चौघांना त्या एका आवाजाची सवय झालेली असते. क्लब मात्र तीन कीपर बाळगतो. म्हणजे कुठल्याही दिवशी धंद्यातले तीनपैकी दोघे खेळत नसतात, आणि त्यात त्यांच्या लायकीचा संबंध असेलच असं नाही. शिवाय कीपर लवकर म्हातारा होत नाही. दिनो झॉफने 1982 चा विश्वचषक उचलला तेव्हा तो 40 वर्षांचा होता. आपल्या पुढच्या, म्हणजे पहिल्या कीपरने मनात आणलं तर तो दहा वर्षं हलत नाही. तुमची पाळी येते ती त्याचा खांदा निखळल्यावर, त्याला लाल कार्ड मिळाल्यावर किंवा त्याचे हात बिघडल्यावर. त्याचं वाईट झाल्याशिवाय आपलं भलं होत नाही आणि तरी रोज सकाळी त्यालाच बॉल मारून तयार करायचं, हे बोलायला लाज वाटते. पण खरं आहे.

म्हणून फिरावं लागतं. करार एक-दोन वर्षांचे. 1995 मध्ये बॉसमन या खेळाडूच्या खटल्यात युरोपियन न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर करार संपला की माणूस मोकळा, आणि शेवटच्या सहा महिन्यांत पुढच्या क्लबशी बोलणी करून सही करता येते. मधल्या काळात लोन, म्हणजे काही महिन्यांसाठी दुसऱ्या क्लबकडे उसना जाणं. त्यातही खाचा आहेत. फिफाच्या नियमाने एका मोसमात तीन क्लबांकडे नोंदणी चालते, पण अधिकृत सामने साधारणपणे दोघांसाठीच खेळता येतात. ऑगस्टमध्ये लोनवर गेलात, कुठल्याशा चषकात एक सामना खेळलात, परत येऊन मूळ क्लबसाठी एक खेळलात, की जानेवारीत तिसरा क्लब कितीही गळ घालो, त्याच्याकडून त्या मोसमात उतरता येत नाही. स्पर्धांचे स्वतःचे नियम वेगळेच. 2023 च्या इंग्लिश लीग कपच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलचा पहिला कीपर पोप आदल्या आठवड्यातल्या लाल कार्डामुळे बाहेर होता. दुसरा कीपर दुब्राव्का त्याच मोसमात मँचेस्टर युनायटेडकडे लोनवर असताना याच स्पर्धेत खेळलेला, म्हणून तोही बाद. मग जवळपास दोन वर्षं एकही अधिकृत सामना न खेळलेला लोरिस कारियस लंडनच्या वेम्बली मैदानावर उतरला. संघ 2–0 हरला, पण त्याच्यावर खापर फोडावं असं काही त्याच्याकडून झालं नाही. त्या दिवशी त्याचा पगार कशाचा, हे कुणी विचारलं नाही.

बेंचवर बसतो म्हणजे काय करतो, तेही सांगतो. सामन्याआधी बाकीच्यांच्या जरा आधी कीपर मैदानात येतात. पहिल्या कीपरला तयार करणं हे दुसऱ्याचं काम. आधी पावलं, मग छातीच्या उंचीवर हातात बसणारे बॉल, मग खालचे, मग क्रॉस, मग पेनल्टी भागाच्या कडेवरून शॉट. शेवटचे दोन-तीन मुद्दाम सोपे मारायचे, म्हणजे हातांना ‘बसला’ ही जाणीव घेऊन तो आत जातो. शेवटचा कोपऱ्यात मारून गोल केलात तर कोच बोलणार नाही, पण डोळे वटारील. ठरल्या उंचीला, ठरल्या वेगाने, दोन्ही पायांनी बॉल देता येणं हे वेगळं कसब आहे आणि अनेक नंबर एकांना ते येत नाही.

तिसऱ्याची गत आणखी वेगळी. सराव संपला की स्ट्रायकरांना आणखी शॉट मारायचे असतात, आणि गोलात तो. दहा-बारा मीटरवरून, समोर एकही बचावपटू नसताना, बॉलमागून बॉल. कीपरची बोटं आणि खांदे सामन्यापेक्षा इथे जास्त जातात. त्यात मेख अशी की हे शॉट सामन्यासारखे नसतात. कोन कापायला पुढे यायची सवय मोडते, माणूस रेषेवर चिकटतो, आणि सहा महिन्यांनी खरा सामना मिळाला की क्रॉसला निघायला अर्ध्या पावलाचा उशीर होतो. बेंचवरचा कीपर गंजतो म्हणतात, तो गंज असा चढतो. हात शाबूत असतात. जातो तो अंदाज.

नव्या क्लबात पहिले पंधरा दिवस हातांचं काम कमी आणि तोंडाचं जास्त. तिथल्या भाषेतले पाच शब्द आधी पाठ करायचे: माझा, लांब मार, वळ, मागे माणूस, पुढे सरका. ‘माझा’ हा शब्द बॉल हवेत असतानाच निघाला पाहिजे. उशिरा निघाला तर बचावपटू उडी मारून मोकळा आणि दोघांची डोकी आपटतात. कॉर्नरला माणसामागे माणूस की जागा धरून, पहिल्या खांबापाशी कोण, कुठल्या अंतरावरच्या फ्री-किकला भिंतीत किती जण. कुठल्या सेंटर-बॅकचा डावा पाय चालतो. आणि बॅक-पास कुठे द्यायचा.

हे शेवटचं क्षुल्लक वाटतं. 1992 पासून पायाने दिलेला बॅक-पास हातात घेता येत नाही, त्यामुळे तो गोलच्या चौकटीबाहेरच्या दिशेने द्यायचा. बॉल फसला तर कॉर्नर जाईल, गोल नाही. ऑक्टोबर 2006 मध्ये झाग्रेबला क्रोएशियाविरुद्ध इंग्लंडचा बचावपटू गॅरी नेव्हिलने आपला कीपर पॉल रॉबिन्सनकडे बॉल परत दिला तो सरळ चौकटीच्या दिशेने. ऐन लाथेच्या वेळी बॉलने उडी घेतली, रॉबिन्सनचा पाय हवेत फिरला आणि बॉल आत. नोंदीत तो नेव्हिलचा स्वयंगोल आहे. लोकांच्या लेखी तो रॉबिन्सनचा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो त्या संध्याकाळीकडे येतो. 21 नोव्हेंबर 2007, वेम्बली, पुन्हा तोच क्रोएशिया. इंग्लंडला 2008 च्या युरो स्पर्धेत जायला बरोबरी पुरणार होती. महिनाभरापूर्वी मॉस्कोत रॉबिन्सन चुकला होता. कोच मॅक्लारेनने त्याला बसवलं आणि 22 वर्षांच्या स्कॉट कार्सनला उतरवलं. देशासाठी त्याचा हा दुसराच सामना, आणि पहिला मैत्रीपूर्ण होता. कार्सन तेव्हा लिव्हरपूलचा, पण लोनवर ॲस्टन व्हिलाकडे. पाऊस लागलेला. त्याच मैदानावर तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वी अमेरिकन फुटबॉलचा सामना होऊन गवत उखडलं होतं. आठव्या मिनिटाला निको क्रान्यचारने लांबून मारलं. फार जोरात नाही, कोपऱ्यातही नाही. बॉल कार्सनसमोर टप्पा पडून उसळला, हाताला लागून आत गेला. चौदाव्या मिनिटाला दुसरा. इंग्लंडने दोन्ही फेडले, 77 व्या मिनिटाला पेट्रिचने तिसरा मारला, 3–2. मॅक्लारेन छत्री धरून उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली.

तो पहिला गोल मी किती वेळा थांबवून-थांबवून पाहिला असेल याला गणती नाही. शॉट 25 मीटरवरून, वेग सेकंदाला 25 मीटर धरा, म्हणजे कीपरकडे एक सेकंद. पुष्कळ झाला. पण टप्पा दोन मीटरवर पडला तर तिथून हातापर्यंत सेकंदाचा एक दशांशही उरत नाही, आणि माणसाचा प्रतिसाद साधारण त्याच्या दुप्पट वेळ घेतो. टप्पा पडल्यावर सुधारणा नाही. जे ठरवायचं ते त्याआधी पायांनी. एक, पुढे झेपावून टप्पा पडता-पडताच बॉल दाबायचा. दोन, अंग पूर्ण बॉलच्या मागे आणून गुडघा बंद ठेवायचा, म्हणजे हातातून सुटला तरी छातीला किंवा मांडीला लागून समोर पडतो. तीन, पकडायचा नादच सोडून तळव्याच्या टाचेने बाजूला ढकलायचा. कार्सनचं यातलं एकही पुरं झालं नाही. हात गेले, अंग मागे आलं नाही.

पूर्वी मी तावातावाने भांडायचो की दोष मैदानाचा. ओल्या गवतावर बॉल सहसा घसरतो, खाली राहतो. कीपर त्या हिशेबाने हात खाली नेतो आणि उखडलेल्या जागी तो वर उसळला तर कुणीही फसेल. मग स्वतःवर चिडून उलट टोकाला गेलो: अंग मागे असतं तर बॉल घसरो की उसळो, फरक पडला नसता, मैदान-बिदान सब झूठ. आता दोन्ही बाजू मांडता येतात आणि एकही पटत नाही. कारण हातमोज्यांचाही भाग असतो. तळव्याचं तीन-चार मिलिमीटर जाडीचं लेटेक्स नुसतं दमट हवं. कोरडं असेल तर धरत नाही आणि चिंब झालं तरी सुटतं, म्हणून पावसात कीपर जाळ्याला टॉवेल टांगतो. आणि निवडीचाही भाग असतोच. ज्या सामन्यावर सगळं अवलंबून आहे तिथे पोराला पहिल्यांदा उतरवायचं ठरवलं ते त्या पोराने नाही.

कार्सन इंग्लंडकडून एकूण चारच सामने खेळला. पुढे वेस्ट ब्रॉम, तुर्कस्तानात बुर्सा, विगन, डर्बी. 2019 मध्ये तो मँचेस्टर सिटीकडे तिसरा कीपर म्हणून गेला आणि 2025 पर्यंत राहिला. या सगळ्या काळात पहिल्या संघासाठी दोन सामने. मे 2021 मध्ये न्यूकॅसलविरुद्ध तो प्रीमियर लीगमध्ये उतरला ते जवळपास दहा वर्षांनी. त्यात पेनल्टी अडवली आणि परत आलेल्या बॉलवर त्याच माणसाने गोल केला. चॅम्पियन्स लीग त्याने दोनदा जिंकली, 2005 मध्ये लिव्हरपूलबरोबर आणि 2023 मध्ये सिटीबरोबर. दोन्ही अंतिम सामने इस्तंबूलच्या एकाच मैदानावर झाले आणि दोन्हींत तो बेंचवर होता.

याला काय म्हणायचं? यशस्वी म्हणालात तर मी वाद घालीन, अपयशी म्हणालात तर जास्त घालीन.

न खेळणाऱ्याचं काम कधी दिसतंही. 2014 च्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या कोचने कोस्टा रिकाविरुद्ध 120 मिनिटं संपता-संपता फक्त पेनल्टींसाठी टिम क्रुलला उतरवलं. तो पाचही वेळा बरोबर बाजूला झेपावला, दोन अडवल्या. पुढच्या सामन्यात बदल्या संपलेल्या, क्रुल बेंचवरच राहिला आणि संघ पेनल्टींवर हरला. पण अशी उदाहरणं दिली की मला माझाच राग येतो. वकिली केल्यासारखं होतं.

कारण एक गोष्ट या सगळ्या हिशेबात बसत नाही. तिसऱ्या कीपरची जागा सुखाची असते. मोठ्या क्लबचा करार, उत्तम फिजिओ, शनिवारी कुणी शिव्या देत नाही. त्याच वेळी दोन पायऱ्या खालचा क्लब म्हणतो, ये, नंबर एक हो, दर आठवड्याला खेळ. पुष्कळ जण जात नाहीत. बाहेर सांगताना घर, मुलांची शाळा, करारातलं एक वर्ष असं काहीतरी सांगतात, आणि ते खोटंही नसतं. पण दर शनिवारी समोर टप्पा पडणारा एक बॉल येणार, ही धास्तीही त्यात असते. तुम्ही पगाराचं विचारता तेव्हा मी चिडतो तो याच जागी. खालच्या क्लबचा निरोप आल्यावर नाही म्हणणारा शहाणा की भ्यालेला, हे मी दोन्ही बाजूंनी पटवून देऊ शकतो, आणि दोन्ही वेळा समोरचा मान हलवतो.