तुम्ही विचारलंत म्हणून: मृग नक्षत्रात हरीण आहे कुठे?

रात्री कुणालाही तारे दाखवायला घेतलं की हा प्रश्न ठरलेलाच, "हा तर ओरायन ना, शिकारी, मग आपण त्याला मृग का म्हणतो?" तर आधी तो ग्रीक शिकारी डोक्यातून काढा. तारे तेच, पण आपल्याकडे ते शिकार आहेत, शिकारी बाहेर उभाय.

चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे पाय, वर तीन बारीक तारे घोळक्यात दिसतात ते डोकं (मृगशीर्ष त्यालाच म्हणतात), आणि मधे ओळीत तीन तारे, ज्यांना तिकडे बेल्ट म्हणतात, तो पोटात घुसलेला बाण.

गोष्ट ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली, आणि मुलांना सांगण्यासारखी अजिबात नाही. प्रजापतीला स्वतःच्याच मुलीचा मोह पडला. मुलगी म्हणजे द्यौ (आकाश) असं काहीजण म्हणतात, काहीजण उषा (पहाट), हा मतभेदसुद्धा तिथेच नोंदवलाय, मला हे फार आवडतं. ती हरिणी झाली तर हा हरणाचं रूप घेऊन मागे. देव हादरले, पण याला शिक्षा करेल असा त्यांच्यात कुणीच नाही, म्हणून त्यांनी आपापली सगळ्यात भयंकर रूपं एकत्र केली आणि त्यातून एक देव उभा केला, म्हणजे आपला रुद्रच, आणि त्याने बाण सोडला. बाण लागल्यावर प्रजापती उसळून वर आकाशात गेला तो मृग, मारणारा मृगव्याध, ती लाल हरिणी रोहिणी, आणि बाण 'इषु त्रिकांडा', तीन कांडांचा, म्हणजे तीन भागांचा.

आता खरी गंमत बघा, बाणाचे तीन तारे जोडून रेघ दोन्हीकडे लांबवा, एका बाजूला तांबूस रोहिणीजवळ जाते, दुसऱ्या बाजूला व्याधाजवळ, रात्रीचा सगळ्यात तेजस्वी तारा. अख्खी गोष्ट एका रेघेत!

बाय द वे, जुन्या संस्कृतात मृग म्हणजे कुठलंही रानटी जनावर, म्हणून तर शिकार ती मृगया आणि सिंह तो मृगेंद्र, नुसतं हरीण हा अर्थ नंतर पक्का झाला.

आणि जूनमध्ये "मृग लागला" म्हणतात तेव्हा वर बघू नका, त्या वेळी सूर्यच तिथे असतो, काही दिसणार नाही. डिसेंबर-जानेवारीत बघा.