मिकोलाइव्हचा गव्हर्नर

फेब्रुवारी 2022 मध्ये आमचं जहाज युक्रेनच्या मिकोलाइव्ह बंदरात होतं. मी त्यावर सेकंड इंजिनियर. हे बंदर थेट समुद्रावर नाही. दक्षिण बुह नदीच्या खाडीतून, पुढे ओचाकिव्हवरून लांबलचक कालव्याने काळ्या समुद्रात उतरावं लागतं. 24 तारखेला युद्ध पेटलं आणि ती वाट बंद झाली. ना जहाजाला वाट दाखवणारा पायलट, ना ओढून नेणारी टग बोट. आमच्यासारखीच आणखी जहाजं अडकली होती, आणि सगळी मिळून आम्ही 75 भारतीय खलाशी.

इंजिन रूममध्ये तोफांचा आवाज कानाला येत नाही, पायाखालच्या प्लेट्समधून येतो. रशियन फौज शेजारच्या खेरसन शहराकडून येऊन शहराच्या वेशीला भिडली होती. कुल्बाकिनोच्या विमानतळावर लढाई चालली होती. डिझेल जास्त दिवस पुरावं म्हणून आम्ही जनरेटर जेवढ्यास तेवढा चालवायचो. रात्री पोर्टहोलला, म्हणजे जहाजाच्या गोल खिडक्यांना, काळं प्लास्टिक. घरून फोन आला की सांगायचं, सगळं ठीक आहे.

गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीपाशी, बंदराचा एक वयस्क वॉचमन असायचा. तरुणपणी तो तिथल्याच ‘61 कम्युनार्ड्स’ नावाच्या शिपयार्डमध्ये वेल्डर होता. आपल्या नौदलाच्या राजपूत वर्गातल्या पाचही विनाशिका त्याच यार्डात बांधल्या गेल्या, हे त्यानेच मोठ्या अभिमानाने सांगितलं. माझगाव डॉकमध्ये अलीकडे बांधलेल्या विनाशिकांची गॅस टर्बाइन्सही याच शहरातल्या झोर्या-माशप्रोएक्त कारखान्याची, हे मला ठाऊक होतं. मी ते सांगितल्यावर त्याने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळी तो खिशातून फोन काढायचा. पडद्यावर चाळिशीचा, दाढीचे खुंट वाढलेला, हसतमुख माणूस. ‘शुभ संध्याकाळ, आम्ही युक्रेनचे’ असं म्हणून सुरुवात करायचा. हे विताली किम, मिकोलाइव्ह प्रांताचे गव्हर्नर. तिथला गव्हर्नर निवडून येत नाही, राष्ट्राध्यक्ष नेमतात, पण तो नुसता शोभेचाही नसतो. आपल्याकडचा कलेक्टर आणि पालकमंत्री एकाच खुर्चीत बसवले, तर थोडीफार कल्पना येईल.

वॉचमन त्यांच्याविषयी घरच्या माणसासारखं बोलायचा. किम याच शहरात 1981 साली जन्मले. वडिलांकडून कोरियन वंशाचे. स्टालिनने 1937 मध्ये सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडच्या पावणेदोन लाखांच्या आसपास कोरियन लोकांना गाड्यांत कोंबून मध्य आशियात नेऊन टाकलं. त्या समाजातली काही कुटुंबं पुढे शेतीच्या निमित्ताने दक्षिण युक्रेनमध्ये आली. किम शिकले इथल्याच ॲडमिरल मकारोव्ह जहाजबांधणी विद्यापीठात, पण विषय अर्थशास्त्र. मग व्यवसाय, मग झेलेन्स्कींच्या पक्षाचं प्रांतातलं काम, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये थेट गव्हर्नरपद. युद्धाआधी प्रांताबाहेर त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं.

मला भाषा येत नव्हती, पण पडद्यावरचा तो माणूस काय करतोय ते कळत होतं. रणगाडे कुठे दिसले, कुठला रस्ता टाळायचा, लोकांनी काय आणायचं, एवढंच तो सांगायचा. आवाज चढवायचा नाही. चौकाचौकात जुने टायर आणून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. वेळ आली तर पेटवून धूर करायचा. व्हिडिओ संपल्यावर वॉचमन फोन खिशात टाकायचा आणि निवांत चहा घ्यायचा. दिवसभर ज्याचे हात थरथरताना मी पाहिलेत, त्याचा कप तेव्हा हलत नसे. आमच्या मेस रूममध्येही मग ‘आज किम काय म्हणाला?’ हाच पहिला प्रश्न झाला.

मार्चचा पहिला आठवडा उलटतानाची ती सकाळ मात्र विसरता येणार नाही. भारतीय दूतावासाने बसची सोय केली होती. पण रस्त्याच्या अडचणींमुळे सगळ्यांना एकदम नेता येणार नव्हतं. 57 जण निघणार, त्यांत दोन लेबनॉनचे आणि तीन सीरियाचे. 23 मागे राहणार. यादी वाचली जाताना बंदरात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पहाटेच शहरावर मारा झाला होता, हवेत जळका वास होता. मी माझं जाकीट मागे राहणाऱ्या ऑइलरच्या, इंजिन रूममधल्या माझ्या खलाशाच्या, अंगावर घातलं. त्याला नको होतं, तरी.

बस शहरातून निघाली आणि पहिल्याच मोठ्या चौकात टायर दिसले. ट्रकचे, मोटारींचे, एक तर सायकलचा. नीट रचलेले, शेजारी वाळूची पोती. फोनवर ऐकलेला शब्द लोकांनी असा उचलून आणून रस्त्यावर मांडला होता. एक बाई हातगाडीवरून आणखी दोन टायर आणत होती. सरकारी माणसाने काही सांगावं आणि लोकांनी न कुरकुरता ते करावं, हे मी माझ्या आयुष्यात एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. ओडेशाकडे जायचा मार्ग बुह नदीवरच्या वर्वारिव्ह्का पुलावरून. रशियन फौजेला हवा होता तोही हाच पूल. तो मागे पडेपर्यंत बसमध्ये कोणी बोललं नाही.

मोल्दोव्हा, रोमानिया करत देवगडला पोचलो. मागे राहिलेल्यांनाही नंतर बाहेर काढलं. आणि 29 मार्चला सकाळी क्षेपणास्त्र किम यांच्या कचेरीवर पडलं. नऊ मजली इमारतीच्या मधोमध भगदाड. 37 माणसं गेली. त्या दिवशी उठायला उशीर झाला म्हणून आपण तिथे नव्हतो, असं किम यांनी स्वतःच सांगितलं. दुसरं काहीही सांगता आलं असतं. मला त्यांच्याविषयी सगळ्यात जास्त आदर वाटला तो तेव्हा.

त्यांचं सगळंच मला पटलं असं नाही. एप्रिलमध्ये नीपर नदीवरून येणारी जलवाहिनी फुटली आणि पावणेपाच लाखांचं शहर पिण्याच्या पाण्याला मुकलं. ऑगस्टमध्ये शत्रूला ठावठिकाणा कळवणारे हेर शोधायला किम यांनी शुक्रवार रात्रीपासून सोमवार पहाटेपर्यंत शहर बंद ठेवलं. फितुरांची माहिती देणाऱ्याला शंभर डॉलर जाहीर केले होते. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे संशयाने बघावं, असा हा उपाय. मी वॉचमनला फोनवर तसं म्हणालो. तो चिडला. ‘तू पुलापलीकडे गेलास,’ एवढंच म्हणाला. पुढे बरेच दिवस त्याचा निरोप नव्हता.

11 नोव्हेंबरला खेरसन मुक्त झालं तेव्हा त्याचाच फोन आला. तोफा आता लांब गेल्यात, नळाला खारट का होईना पाणी आहे, आणि तुझं जहाज अजून त्याच धक्क्याला आहे, म्हणाला. युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे बाहेर जावं म्हणून झालेल्या धान्यकरारात ओडेशाकडची तीन बंदरं उघडली, मिकोलाइव्हचं नाही. खाडीच्या तोंडाशी किनबर्नचा पट्टा रशियनांच्या ताब्यात आहे, आणि तो सुटल्याशिवाय कालव्यातून जहाज निघणार नाही.