मऊ ब्रेक पेडल: अपग्रेडनंतरची मोजमापे आणि निदान

पुढच्या ब्रेकचा बदल पूर्ण झाला आहे. ५४ मिमीचा एकच पिस्टन असलेले मूळचे सरकते कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) आणि २५६ मिमीच्या डिस्क काढून तेथे ३८ मिमीचे चार पिस्टन असलेले स्थिर कॅलिपर, ३०० मिमीच्या डिस्क, नवे पॅड आणि स्टीलच्या जाळीच्या होज बसवल्या आहेत. मागचे ब्रेक, २०.६४ मिमीचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) आणि बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा) यांना हात लावलेला नाही. जोडणी सुरळीत झाली, रीतसर ब्लीडिंग करून ऑइलमध्ये अडकलेली एअरही (हवा) काढली; तरीही पेडल पूर्वीपेक्षा खोल जाते आणि पायाखाली मऊ लागते. असे पेडल घेऊन रस्त्यावर उतरायचे नसल्यामुळे पुढील सर्व तपासणी गाडी स्टँडवर ठेवूनच केली आहे.

अशा वेळी सर्वात आधी मिळणारा सल्ला म्हणजे मोठा मास्टर सिलिंडर बसवण्याचा. तो मानण्यापूर्वी हिशेब करणे इष्ट होते. चार पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ ४,५३६ चौ. मिमी येते आणि मूळच्या एका पिस्टनचे २,२९० चौ. मिमी, त्यामुळे नव्या कॅलिपरला दुप्पट ब्रेक ऑइल लागेल असे वाटते. परंतु सरकत्या कॅलिपरमधील एकट्या पिस्टनला दोन्ही पॅडकडील फट मिळून तेवढे अंतर चालावे लागते, तर स्थिर कॅलिपरमधील प्रत्येक पिस्टन फक्त आपल्या बाजूची फट भरून काढतो. म्हणून तुलना एका बाजूच्या दोन पिस्टनशी, म्हणजे २,२६८ चौ. मिमीशी करायला हवी, आणि मग दोन्ही मांडण्यांची ऑइलची गरज जवळजवळ सारखीच ठरते. २२.२२ मिमीचा सिलिंडर लावला असता तर प्रत्येक स्ट्रोकला सुमारे १६ टक्के अधिक ऑइल ढकलले गेले असते, पेडल वर आले असते आणि खरा दोष त्याखाली झाकला गेला असता. शिवाय त्याच पायाच्या जोराला दाब सुमारे १४ टक्क्यांनी घटला असता. हा उपाय मी बाजूला ठेवला.

‘मऊ’ या एका तक्रारीत निरनिराळे दोष मिसळलेले असतात आणि नुसत्या पायाच्या अंदाजाने ते वेगळे करता येत नाहीत. म्हणून एका कॅलिपरच्या ब्लीड निपलच्या (एअर काढण्याच्या छोट्या झडपेच्या) जागी दाबमापक बसवला, त्याच्या नळीतली एअर काढली, आणि इंजिन बंद ठेवून, बूस्टरमधील व्हॅक्यूम संपवून, पेडल किती मिमी खाली गेल्यावर ५ बार आणि किती गेल्यावर ४० बार दाब तयार होतो हे मोजले. बदलापूर्वी हेच आकडे ३४ आणि ५२ मिमी होते. बदलानंतर ते ५६ आणि ७७ झाले. (जुने ब्रेक उतरवण्यापूर्वी हे मोजमाप अवश्य करून ठेवावे, नंतर तुलनेला काहीच उरत नाही.)

हे दोन टप्पे, म्हणजे ५ बारपर्यंतचा आणि तेथून ४० बारपर्यंतचा, निवडण्यामागे कारण आहे. वातावरणाच्या दाबाला १ मिली असलेली हवा ५ बारला सुमारे एक षष्ठांश उरते, म्हणजे तिच्यामुळे वाया जाणाऱ्या हालचालीचा बहुतेक भाग पहिल्या ५ बारमध्येच संपतो. त्यापुढे ४० बारपर्यंत तिचे आकुंचन जेमतेम ०.१४ मिली. याउलट होजचे फुगणे, कॅलिपरचे उघडणे किंवा पॅड व शिम (पातळ पट्ट्या) दबणे हे दाबाबरोबर वाढतच जाते. त्यामुळे पहिल्या टप्प्यात जादा हालचाल असेल तर संशय हवेवर किंवा पॅडच्या फटीवर घ्यावा, आणि दुसऱ्या टप्प्यात असेल तर लवचीकतेवर. माझ्याकडे पहिला टप्पा २२ मिमीने वाढला होता आणि दुसरा १८ वरून २१ वर, म्हणजे केवळ ३ मिमीने. मुख्य दोष कोठे शोधायचा ते येथेच ठरले.

हवा आणि फट यांना वेगळे करण्यासाठी पेडल दोन-तीनदा भराभर मारून पाहिले. दोन्ही दोषांत पेडल वर येते, फरक त्यानंतर दिसतो: हवा असेल तर पेडल सोडून काही क्षण थांबल्यावर जादा ऑइल टाकीत परतते आणि पेडल पुन्हा खोल जाते, फट असेल तर पिस्टन पुढे आलेले असल्यामुळे चाक फिरेपर्यंत पेडल वरच राहते. माझे पेडल थांबल्यावर बरेचसे खाली गेले, पण पूर्ण नाही. दोन्ही दोष एकत्र असावेत असा याचा अर्थ लागला. सतत दाबून धरल्यास मात्र ते सावकाश खाली सरकत नव्हते, म्हणजे मास्टर सिलिंडरचे सील दाब धरून आहेत आणि कोठे गळतीही नाही.

हवेचा पत्ता कॅलिपरच्या कोनात लागला. कॅलिपर डाव्या-उजव्या बाजूला योग्यच बसलेले होते आणि निपल वरच्याच अंगाला होते, परंतु नवे कॅलिपर बसवण्याच्या जोडपट्टीमुळे कॅलिपर मूळ जागेपेक्षा किंचित फिरून बसतो आणि निपलचे छिद्र आतल्या पोकळीच्या सर्वोच्च बिंदूपासून थोडे खाली राहते. तेवढ्या कोपऱ्यात हवा आरामात दडून बसते आणि कितीही ऑइल वाहवले तरी हलत नाही. दोन्ही कॅलिपर बोल्ट काढून सोडवले, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी ठोकळा घातला, निपल अगदी वर येईल असे धरून बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही निपलमधून पुन्हा एअर काढली, आणि दरम्यान रबरी हातोड्याने कॅलिपरवर हलके ठोके दिले. बुडबुड्यांची चांगली मालिका निघाली. ५ बारचा आकडा ५६ वरून ४३ वर आला. व्हॅक्यूम पंपाऐवजी मी पेडल दाबण्याची जुनी पद्धत वापरली, कारण व्हॅक्यूममुळे निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि बुडबुडे नेमके कोठले हे कळेनासे होते. मास्टर सिलिंडर जुना असल्याने पेडलखाली ठोकळा ठेवला होता. एरवी न वापरल्या जाणाऱ्या खोल भागात गंजाची कड असली तर पूर्ण स्ट्रोकमध्ये सील त्यावर घासून फाटू शकते.

पेडल रात्रभर दाबून ठेवण्याचा उपाय अनेकजण सांगतात. या कोपऱ्यातल्या हवेवर त्याचा परिणाम होण्याचे कारण दिसत नाही, आणि ब्रेक लाइट जळत राहून बॅटरी उतरते ते वेगळेच.

आता थांबल्यावर पेडल खाली जात नव्हते, पण चाके हाताने फिरवल्यावर पहिला दाब खोल आणि दुसरा वर, असे होऊ लागले. बेअरिंगमध्ये ढिलाई नसल्याची खात्री करून, डिस्क चाकाच्या नटांनी घट्ट आवळून डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे मापक) लावला तेव्हा डावी डिस्क ०.०४ मिमी आणि उजवी ०.१८ मिमी डोलत होती. अनेक उत्पादक यासाठी ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपासची मर्यादा देतात. डोलणारी डिस्क पॅडला मागे ढकलते, आणि स्थिर कॅलिपरला सरकून जुळवून घेता येत नसल्याने ती फट पुढच्या वेळी पेडलनेच भरून काढावी लागते. उजव्या हबच्या पृष्ठभागावर गंजाचा पातळ पापुद्रा होता. हबपाशी असलेली अशी उंची डिस्कच्या कडेला सुमारे दुप्पट होऊन दिसते. तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने तो साफ केल्यावर डोल ०.०४ वर आला आणि ५ बारचा आकडा ३९ झाला. हिशेबाशी हे जुळते: ०.१४ मिमी गुणिले २,२६८ चौ. मिमी म्हणजे सुमारे ०.३२ मिली, सिलिंडरमध्ये जवळजवळ १ मिमी, आणि चारपट पेडल रेशोने (सिलिंडरच्या तुलनेत पेडलची हालचाल) ४ मिमी.

दुसऱ्या टप्प्यासाठी फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) कॅलिपर आणि डिस्क समांतर आहेत का ते पाहिले, फरक ०.१ मिमीच्या आतच असल्याने शिमची गरज भासली नाही. पेडल आता पहिल्याच दाबात भरवशाचे झाल्यामुळे, रहदारी नसलेल्या बंदिस्त जागेत, प्रथम अगदी कमी वेगाने आणि नंतर क्रमाक्रमाने वाढवत, ब्रेक लावून पॅड डिस्कशी घासून बसवून घेतले. पॅड डिस्कला सर्वांगाने टेकू लागल्यावर दुसरा टप्पा २१ वरून १७ मिमीवर आला, म्हणजे मूळपेक्षाही कमी, आणि त्याचे श्रेय मी जाळीच्या होजना देतो. पहिला आकडा ३७ झाला.

मूळच्या ३४ मिमीपेक्षा अजून ३ मिमी जास्त आहेत. हँडब्रेक ओढून मोजल्यावर पेडल १ मिमीने वर आले, त्यामुळे मागच्या कॅलिपरच्या स्वयंसमायोजनात थोडी जागा आहे. केबल पूर्ण सैल करून ते नव्याने जुळवायचे आहे. एबीएसचा (चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पंप निदान उपकरणाने फिरवून त्यातली एअर काढण्याचे काम सध्या यादीत नाही, कारण टाकी एकदाही रिकामी झालेली नाही. हँडब्रेक जुळवल्यानंतर ब्रेक पूर्ण तापवून हेच दोन आकडे पुन्हा घेईन. आत नवे डॉट ४ ऑइल आहे, ज्याचा कोरडा (पाणी न शोषलेल्या ऑइलचा) उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो; तेव्हा गरम अवस्थेत पहिला टप्पा वाढला तर मी ऑइलच्या आधी पुन्हा डिस्कचा डोल तपासेन.