वैलाची चूल बसवताना: माझा अनुभव

चूल घ्यायची म्हटलं की सगळे चुलीचाच आकार बघतात. घरात धूर राहणार की नाही हे मात्र धुराडं ठरवतं. म्हणून नागपुरात घरामागच्या छपरीत वैलाची चूल (मुख्य जाळाशेजारी त्याच्याच उष्णतेवर चालणारं दुसरं तोंड म्हणजे वैल) बसवताना मी आधी भिंत आणि छत पाहिलं, मग जागा, आणि चुलीचा विचार सगळ्यात शेवटी केला.

उचलून नेता येणारी लोखंडी चूल घ्यायची असेल तर भारतीय मानक १३१५२ ची खूण पाहून घ्या. त्यात पंखा नसलेल्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के लागते. पंख्याची चूल धूर कमी करते, पण तिला बारीक ढलप्या किंवा पेलेट (भुसा दाबून केलेल्या कांड्या) हवेत. विदर्भात सरपण म्हणजे बाभूळ, पऱ्हाट्या आणि तुराट्या. लांब काड्या जशाच्या तशा लावायच्या तर मातीची चूलच सोयीची. सिगडी मात्र घरात नकोच. कोळशाचा धूर दिसत नाही म्हणून थंडीत ती खोलीत ठेवून दार लावतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला कळायच्या आत जीव जातो.

गॅस सिलिंडर असलेल्या खोलीत चूल मांडू नये. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत पसरतो, आणि चुलीचं तोंड जमिनीलगतच असतं.

आपल्याकडची काळी माती चुलीला चालत नाही. वाळताना ती आकसते आणि चुलीला बोटभर भेगा पडतात. त्या भेगांतून धूर येतो आणि लोक धुराड्याला दोष देतात. मी ३ घमेली पिवळी माती, १ घमेलं शेण आणि १ घमेलं बारीक कापलेलं तणस घेतलं, दोन दिवस भिजवून तुडवलं. आतल्या बाजूला भट्टीच्या विटा लावल्या, सांधे मातीनेच भरले. जाळाजवळ सिमेंट वापरू नका, ते तडकून झडतं. चुलीचं तोंड ६ इंच रुंद, ५ इंच उंच; आत १० मिलिमीटर सळ्यांची जाळी. जाळीखाली हवा शिरायला वाट हवी, नाहीतर जाळ धुमसतो. चुलीतून वैलाकडे जाणारा बोगदा ३ इंची ठेवून किंचित चढता केला.

खरं काम धुराड्याचं. ते ४ इंची घेतलं. पहिले ३ फूट साध्या काळ्या लोखंडाचे, त्यापुढे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. जस्त ४१९ अंशांना वितळतं, त्यामुळे जाळाजवळ जीआय पाइप लावला तर जस्ताची वाफ स्वयंपाक करणाऱ्याच्या नाकात जाते. पाइपचे तुकडे जोडताना वरच्याचं टोक खालच्याच्या आत गेलं पाहिजे. उलटं बसवलं की काजळीचा डिंकासारखा काळा रस सांध्यातून बाहेर ओघळतो आणि भिंतीवर चिकट पट्टे उमटतात. ते घासून निघत नाहीत.

छत कवेलूचं, म्हणजे कौलांचं, खाली लाकडी फाटे. उघड्या पाइपपासून लाकूड किमान १८ इंच लांब हवं, आणि दोन फाट्यांच्या मध्ये तेवढी जागा मिळत नाही. म्हणून पाइप छतातून न नेता मागच्या विटांच्या भिंतीतून बाहेर काढला. आडवा तुकडा दीड फुटापेक्षा लांब ठेवला नाही, तोही बाहेरच्या बाजूला चढता. वळचणीपासूनही १८ इंच अंतर राखलं. बाहेरच्या वळणावर एल्बोऐवजी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावला आणि त्याच्या खालच्या तोंडाला काढता येणारं झाकण. काजळी तिथूनच निघते. पाइपचं टोक १० फुटांच्या आतल्या कुठल्याही छपरापेक्षा २ फूट उंच नेलं, वर पावसाची टोपी.

एवढी उंची कशाला, असं मिस्त्रीही विचारतो. ओढ, म्हणजे धूर वर खेचला जाण्याचा जोर, दोन गोष्टींवर ठरते: धुराड्याची उंची, आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक. पाइपमधला धूर १५० अंशांवर असेल तर डिसेंबरात पहाटे १० अंशांना मिळते त्यापेक्षा मे महिन्यात दुपारी ४५ अंशांना ओढ सुमारे एक तृतीयांश कमी पडते. थंडीत उत्तम चालणारी चूल उन्हाळ्यात मागे धूर टाकते ती यामुळे. उंची मेच्या दुपारचा विचार करून ठरवावी.

दुसरी अडचण एक्झॉस्ट फॅनची. तो चालू असला की खोलीतली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची भरपाई धुराड्यातूनच उलटी होते. कूलरचा झोत थेट चुलीच्या तोंडावर आला तरी धूर बाहेर येतो. जाळ लावण्याआधी तोंडाशी पेटती अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो तुमच्याकडे वळला तर फॅन बंद करून पुन्हा पाहा, मग धुराड्यात वरच्या बाजूला काय अडकलंय ते शोधा.

चूल तीन आठवडे सावलीत वाळवली. पहिले चार दिवस मूठभर तुराट्यांचाच जाळ केला. ओल्या मातीवर मोठा जाळ केला की आतली वाफ चुलीला फोडते. लाकूड एक अख्खा उन्हाळा वाळलेलं असावं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणक आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर त्या अजून ओल्या आहेत. ओल्या लाकडाने काजळी लवकर साचते, म्हणून पावसाळ्यात टीचं झाकण दर पंधरा दिवसांनी उघडावं, एरवी महिन्यातून एकदा. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात भरून बाहेर ठेवावी; आतले निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असतात.