टॉर्कच्या गणितात आधी बिंदू ठरवा

सूत्र शोधण्याआधी एकच ठरवा: टॉर्क (बलाचा फिरवणारा परिणाम) आणि कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) कोणत्या बिंदूभोवती मोजायचे? ज्या बिंदूतून अनोळखी बल जातं, तोच घ्या. त्या बलाचा टॉर्क शून्य होतो.

वरच्या टोकाला बिजागरीवर टांगलेली 0.6 किलोची, 1 मीटर लांब दांडी घ्या. 0.1 किलोचा मातीचा गोळा 6 मी/से वेगाने आडवा येऊन खालच्या टोकाला चिकटतो. बिजागरीचं बल अनोळखी आहे, म्हणून तोच बिंदू घ्या; त्याभोवती टॉर्क शून्य, म्हणून टक्करीत कोनीय संवेग बदलत नाही. बिजागरीभोवती आधीचा कोनीय संवेग 0.1 × 6 × 1 = 0.6. नंतरचं जडत्व आघूर्ण (फिरवण्याला होणारा विरोध): दांडीचं ML²/3 (M वस्तुमान, L लांबी) = 0.2, गोळ्याचं 0.1, एकूण 0.3. म्हणून कोनीय वेग ω = 0.6 / 0.3 = 2 रेडियन/से.

बहुतेक जण इथे रेषीय संवेग अक्षय्य धरतात आणि फसतात. तो आधी 0.6 होता, नंतर (दांडीचा मध्य 1 मी/से, गोळा 2 मी/से) 0.6 × 1 + 0.1 × 2 = 0.8 झाला! वाढीव 0.2 बिजागरीने दिला. (गोळा बिजागरीपासून दोन-तृतीयांश लांबीवर आदळला, तर हा धक्का शून्य होतो. करून बघाच, फार सुंदर गणित आहे.) गतिज ऊर्जाही 1.8 वरून 0.6 ज्यूलवर येते, त्यामुळे ऊर्जेचं समीकरण टक्कर संपल्यावर, दांडी किती वर जाते हे काढतानाच वापरा.